मामांचा कॅनोनेरो

दिवस पहिला, बुधवार

अनंत चतुर्दशी मंगळवारी झाली आणि बुधवारी सकाळी आम्ही ओहायोतल्या कोलंबसहून निघालो. "लोक पितृपक्षात पान वाढतात, आपण घोडे बघायला चाललोय," असं म्हणत मामीने दशम्यांचा डबा मांडीवर घेतला आणि पट्टा लावला. मामा पुढच्या सीटवर. डोक्यावर टोपी, खिशात पेन्सिल, हातात मी छापून दिलेले चार कागद.

मामांना अमेरिकेत नायगारा बघायचा नव्हता. व्हिसा मिळाल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं: "मला कॅनोनेरोचं गाव दाखव." खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत चौतीस वर्षं नोकरी आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्याच्या रेसकोर्सवर सेकंड एन्क्लोजर. जिंकलेल्या पैशांचा हिशेब मामीला कधी मिळाला नाही. हरलेल्यांचा तिला बरोब्बर माहीत असे.

कॅनोनेरोची गोष्ट मामांना रेसकोर्सवरच्या एका पारशी म्हाताऱ्याने सांगितली. पाय वाकडा म्हणून केंटकीत मातीमोल विकला गेलेला घोडा. तो व्हेनेझुएलात गेला, तिथे पळाला, कोंबड्यांच्या विमानातून परत आला आणि 1971 ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली घोड्यांची शर्यत, मारून गेला. लहानपणी आम्हा भाच्यांना ही गोष्ट दर गणपतीत ऐकावी लागायची आणि शेवट ठरलेला असायचा: "एकाला शंभर! ज्याने शंभर रुपये लावले तो दहा हजार घेऊन घरी!" नावावर तर त्यांचा हक्कच होता. कॅनन म्हणजे तोफ, तोफेला लागतो दारूगोळा, म्हणजे घोडा खडकीचाच.

सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडली की केंटकी लागतं. लेक्झिंग्टन जवळ आलं तसा रस्त्याकडेचा मका संपला आणि कुंपणं सुरू झाली. काळी नाहीतर पांढरी, फळ्यांची, टेकड्यांवरून वर-खाली गेलेली, आणि आत गुडघाभर गवतात माना घालून घोड्या. इथल्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. पाण्यात आणि गवतात कॅल्शियम उतरतं, त्यावर शिंगरांची हाडं पक्की होतात, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. मामीने काच खाली केली, वास घेतला आणि म्हणाली, "चारा चांगला आहे." तिचं माहेर आटपाडीकडचं, घरी खिलार बैल. तिच्याकडून एवढं प्रमाणपत्र म्हणजे पुष्कळ.

दिवस दुसरा, गुरुवार

कीनलँड. सप्टेंबरातला इथला लिलाव म्हणजे एक वर्षाच्या शिंगरांचा जगातला सगळ्यात मोठा बाजार. दोन आठवड्यांत काही हजार शिंगरं उभी राहतात. पहिल्या दिवसांत लाखांत आणि कधी दशलक्षांत बोली जाते, तेव्हा अरबस्तानचे शेख, जपानी, आयरिश सगळे हजर असतात. शेवटच्या दिवसांत उरतो तो गाळ. शब्द माझा नाही, मामांचा. आम्ही मुद्दाम गाळाच्या दिवसांत आलो होतो, कारण 1969 साली कॅनोनेरो इथेच विकला गेला, 1,200 डॉलरला. तेव्हा डॉलर साडेसात रुपयांना. मामांनी कागदाच्या कडेला गुणाकार करून ठेवला होता: नऊ हजार रुपये.

तिकीट नाही, ओळखपत्र नाही. सरळ आत जा, बसा. मामांना हे पटेना. दारावरच्या माणसाला त्यांनी दोनदा विचारलं, आणि तरी बसल्यावर दहा मिनिटं हात मांडीखाली दाबून धरले. चुकून नाक खाजवलं आणि घोडा गळ्यात पडला तर!

मधे दोरीने आखलेलं छोटंसं रिंगण. उंच बाकावर लिलाववाला, त्याच्या तोंडून अखंड वाहणारी आकड्यांची लड. प्रेक्षकांत जाकीट घातलेली चार-पाच माणसं उभी. कुणी भुवई उडवली की ती एकदम आरोळी ठोकतात. शिंगराच्या ढुंगणावर चिकटवलेला क्रमांक हीच त्याची ओळख, नाव अजून पडलेलंच नसतं. एक शिंगरू यायचं, मोतद्दार त्याला उभं करायचा, दीड-दोन मिनिटांत सौदा संपायचा. हजार डॉलरच्या खाली बोलीच नाही. कितीतरी शिंगरं तीन हजार, चार हजारांत जात होती.

मामीला ही पद्धत अजिबात आवडली नाही. "आमच्या खरसुंडीच्या जत्रेत रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. शेजारच्याला कळायचं नाही काय ठरलं ते. इथे तर जनावराच्या तोंडावर सांगतात, तू एवढ्याचाच."

मग ती उठून मागे गेली, तिच्यामागे आम्ही. रिंगणाच्या मागच्या बाजूला पुढची शिंगरं फिरवत आणतात आणि खरे गिऱ्हाईक तिथेच उभे असतात. ते समोरून बघतात, मग बाजूने, मग चालवून. बघतात ते पायच. गुडघे सरळ आहेत का, खूर बाहेर वळतो का. पळताना एवढ्या जड जनावराचा भार एका क्षणी एकाच पायावर येतो, म्हणून वाकडा पाय म्हणजे उद्याची मोड, असा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. कॅनोनेरोच्या उजव्या पुढच्या पायाकडे बघून कुणी पाठ फिरवली असेल तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मीही फिरवली असती.

1,200 ला त्याला घेतलं लुईस नावास या दलालाने. त्याने आणखी दोन घोड्यांबरोबर मोट बांधून तिघांना 6,000 डॉलरला व्हेनेझुएलाच्या पेद्रो बाप्तिस्ताच्या गळ्यात मारलं. भाजीवाला वांग्यांबरोबर कोथिंबीर टाकतो, त्यातला प्रकार.

दुपारी मामांनी बर्गू नावाचा इथला प्रसिद्ध रस्सा मागवला. त्यात कुठलं मांस आहे असं मी विचारल्यावर वाढणारा नुसता हसला. मामांनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि दशमी घेतली.

दिवस तिसरा, शुक्रवार

पॅरिस! लेक्झिंग्टनहून अर्ध्या तासावर, बर्बन परगण्याचं मुख्य ठिकाण. मामीने माहेरी फोन करून "आम्ही पॅरिसला आलोय" एवढंच सांगितलं, पुढचं सांगितलं नाही.

क्लेबॉर्न फार्मला आधी नाव नोंदवावं लागतं. 24 एप्रिल 1968 ला कॅनोनेरो इथे जन्मला. त्याचं पैदासदार म्हणून नाव एडवर्ड बेंजामिन यांचं. बाप प्रिटेंडर इंग्लंडचा, 1966 च्या एप्सम डर्बीत थोडक्यात दुसरा आलेला. म्हणजे रक्त हलकं नव्हतं, पाय तेवढा नडला. पण फार्म दाखवणाऱ्या मुलीला कॅनोनेरो हे नावच नवीन होतं. बिचारीने फोनवर शोधलं, मोठे डोळे करून वाचलं आणि म्हणाली, आज घरी जाऊन सांगते. कुठल्या तबेल्यात जन्मला ते काही कळलं नाही. मामांनी मग स्वतःच एक तबेला ठरवला, त्याच्या दाराला हात लावला आणि फोटो काढून घेतला.

इथे सगळे येतात सेक्रेटॅरिएट या नामांकित शर्यतीच्या घोड्याच्या थडग्यासाठी. शर्यतीच्या घोड्याचं बहुधा डोकं, काळीज आणि खूर तेवढे पुरतात. हा मात्र अख्खा पुरलाय. साधासा दगड, त्यावर नाव आणि साल, कडेला कुणीतरी ठेवलेली फुलं. मामांनी टोपी काढली. मामीने नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "हा तुमच्या मामांचा का?" नाही म्हटल्यावर तिने हात खाली घेतले.

तबेल्यात एका वळूघोड्याला पेपरमिंटची गोळी द्यायला मिळाली. त्याच्या एका वेळच्या भेटीचे किती हजार डॉलर पडतात हे त्या मुलीने सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं नाही.

येताना पुन्हा कीनलँडला डोकावलो. शनिवारी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी विकायची शिंगरं बाहेर काढून दाखवत होते. त्यात एक काळपट तपकिरी, बारकं. समोरून चालत आलं आणि मामी म्हणाली, "अहो, हा फेंगडा." खरंच, पुढचा एक खूर बाहेर वळलेला. मामा गप्प झाले. त्यांनी पेन्सिलीने क्रमांक लिहून घेतला. बराच वेळ ते त्याच्यापुढे उभे होते. गडी त्याला उगीचच तीनदा चालवून आणत होता, हे गिऱ्हाईक आहे असं समजून. मला लाज वाटली. मामांना वाटली नाही.

दिवस चौथा, शनिवार

लेक्झिंग्टन ते लुइव्हिल सव्वा तासाचा रस्ता. कॅनोनेरो या गावात आला तो मायामीहून, ट्रकमधून, हजाराहून जास्त मैल.

ही हकिगत मामांनी गाडीत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, पण या खेपेला माझ्या कागदांवरून, म्हणून जशी घडली तशी देतो. कॅराकसहून विमान उडालं आणि बिघाड झाला म्हणून परत आलं. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी मिळालं ते मालवाहू विमान, सोबतीला पिंजऱ्यांतल्या कोंबड्या आणि बदकं. मायामीला उतरला तर कागदपत्रं पुरी नाहीत, रक्ताच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत वेगळा ठेवला. त्या चार दिवसांत घोडा सुमारे तीस किलो वाळला. पुढच्या विमानाला पैसे नव्हते. मालक बाप्तिस्ताचा धंदा तेव्हा डबघाईला आलेला, आणि तो डर्बीला आलाही नाही. प्रशिक्षक हुआन आरियास याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. चर्चिल डाउन्सवर, म्हणजे डर्बीच्या रेसकोर्सवर, सकाळच्या सरावात घोडा इतका सावकाश पळायचा की घड्याळं लावून बसलेले लोक हसायचे. खोगिराशिवाय फिरवतात, लाडाने बोलतात, हा काय शर्यतीचा घोडा!

"पण ते कॅराकसचं कुणी बघितलंच नाही," मामा म्हणाले, आणि मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. डर्बी सव्वा मैलाची. अमेरिकेतले तीन वर्षांचे घोडे मेच्या पहिल्या शनिवारपर्यंत एवढं अंतर बहुधा कधीच पळालेले नसतात. कॅनोनेरो ते मार्चमध्येच पळून जिंकला होता, तेही समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर. ही गोष्ट चोरून ठेवलेली नव्हती, छापलेली होती. पण ते छापील व्हेनेझुएलाचं होतं. महालक्ष्मीवर डर्बी मारलेला आपला घोडा उद्या तिथे नेला तर त्याचंही पुस्तक असंच मिटून बाजूला ठेवतील.

चर्चिल डाउन्सचे दोन जुळे मनोरे 1895 चे आहेत. चित्रात भव्य दिसतात, प्रत्यक्षात मागच्या नव्या बांधकामाने त्यांना चेपून टाकलंय. दारातच डर्बीचं संग्रहालय. तिथे एक पडदा आहे, साल निवडलं की त्या वर्षीची डर्बी बघता येते. मामांनी स्वतः बोट लावून 1971 निवडलं.

पन्नास वर्षं सांगितलेली गोष्ट माणूस पहिल्यांदा डोळ्यांनी बघतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावं. पडद्याकडे मी कमीच पाहिलं. वीस घोडे. कॅनोनेरोचा जॉकी गुस्ताव्हो आविलाच्या अंगात तपकिरी पोशाख, आणि पहिल्या अर्ध्या मैलानंतर तो अठरावा. मामांचा हात मामीच्या दंडावर. "कुठाय? कुठाय?" लांबचं वळण आलं, तपकिरी ठिपका बाहेरच्या बाजूने एकेकाला मागे टाकायला लागला, आणि सरळ रस्त्याला लागल्यावर तो पुढे आला की बाकीचे मागे गेले ते कळेना. पावणेचार लांब्यांनी जिंकला, एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर. वेळ दोन मिनिटं, तीन आणि एक पंचमांश सेकंद. मामांनी तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी मागे एक लहान मुलगा रांगेत उभा होता, त्यालाही त्यांनी मराठीत "आता बघ" म्हणून सांगितलं.

आणि मग तो आकडा. दोन डॉलरच्या तिकिटाला मिळाले 19 डॉलर 40 सेंट.

मामांनी चष्मा पुसला. "चूक आहे. एकाला दहासुद्धा नाही?"

चूक नव्हती. त्या काळच्या टोटच्या, म्हणजे पैजेचा हिशेब ठेवणाऱ्या, यंत्रांना बाराच आकडे माहीत. वीस घोडे पळायचे तर ज्यांना कुणी विचारत नाही अशा सगळ्यांची एक मोळी बांधायची आणि तिला नाव 'फील्ड'. तुम्ही फील्डचं तिकीट काढलंत की त्यातला कुठलाही आला तरी पैसे. म्हणजे कॅनोनेरोवर एकट्यावर पैसे लावायची सोयच नव्हती. ज्यांना 19.40 मिळाले त्यांतल्या कित्येकांच्या मनात मोळीतला दुसराच घोडा असेल.

मामा बाकावर बसले. मामीने बाटली पुढे केली, त्यांनी पाणी प्यायलं. "पारशाने फसवलं," ते म्हणाले. मग बराच वेळाने: "म्हणजे त्याचा भाव कधी निघालाच नाही. कीनलँडला तिघांच्या मोटेत, इथे मोळीत." हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

पुढचं सगळं पारशी म्हाताऱ्याच्या गोष्टीत नव्हतंच. डर्बीनंतर सगळे म्हणाले, लागला मटका. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरच्या प्रीकनेसमध्ये, डर्बीपासून सुरू होणाऱ्या तीन मोठ्या शर्यतींतल्या दुसरीत, त्याने 1 मिनिट 54 सेकंदांत नॅशुआ या घोड्याचा 1955 चा विक्रम मोडला, मग ते बंद झालं. तिसऱ्या, न्यूयॉर्कच्या बेल्माँटला 5 जूनला 82,694 लोक आले, तेव्हाचा तिथला उच्चांक. त्यांच्यात स्पॅनिश बोलणाऱ्यांची दाटी. घोड्याचा खूर दुखावलेला होता. चौथा आला. जिंकला पास कॅचर, त्याचाही भाव तीसच्या वर. नंतर टेक्सासच्या किंग रँचने कॅनोनेरोला पंधरा लाख डॉलरला घेतलं. पुढचं वर्षभर तो असा काही पळाला की पैसे बुडाले असंच वाटावं, आणि मग 1972 च्या सप्टेंबरात त्याने त्या वर्षीचा डर्बीविजेता रिव्हा रिज याला पाच लांब्यांनी मागे टाकलं.

आणखी एक: कॅनोनेरो म्हणजे तोफ नव्हे. कॅराकसच्या रस्त्यांवर गाणी म्हणत फिरणारे ताफे असत, त्यांच्यावरून ते नाव. मामांनी हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. फॅक्टरीचं नातं तुटल्याचं दुःख त्यांना त्या 19.40 पेक्षा जास्त झालं असावं.

त्या दिवशी शर्यती होत्या. आम्ही रेलिंगला उभे राहिलो. मामा पहिल्या शर्यतीभर चुकीच्या बाजूला बघत राहिले, कारण पुण्याला आणि महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने येतात, इथे उलटे. आणि गवत नाही, माती. मागच्या घोड्यांच्या तोंडावर ती गोळ्यांसारखी आपटते. बाहेरून आलेल्या घोड्याला पहिल्यांदा हाच मार सोसत नाही. त्याच वर्षी, 2024 च्या मे महिन्यात, जपानहून आलेला फॉरएव्हर यंग इथे याच मातीत डर्बीत तिसरा आला होता. पहिले तिघे नाकानाकाच्या फरकाने, मिस्टिक डॅन, सिएरा लिओन आणि हा, आणि सरळ रस्त्यावर सिएरा लिओन त्याच्या अंगावर झुकत राहिला तो वेगळा. मामा म्हणाले, "जपानी आता फील्डमधले राहिले नाहीत. त्यांचं पुस्तक आता लोक वाचतात."

पाचव्या शर्यतीत मामांनी दोन डॉलर लावले. भाव चाळीसच्या पुढे, परदेशातून आलेला, जॉकीचं नाव उच्चारता न येणारं. आठात सातवा आला. तिकीट त्यांनी पाकिटात ठेवलं.

परत निघताना गाडीत मामी म्हणाली, "तो कालचा फेंगडा बघ की विकला का." निकाल फोनवर होते. विकला गेला होता: 1,500 डॉलर.

"म्हणजे सव्वा लाख," मामा म्हणाले.

"एवढ्यात धड खिलार जोडी येत नाही," मामी म्हणाली. घेणाऱ्याचं नाव होतं, पण त्याला कुठल्या देशात नेणार ते काही लिहिलं नव्हतं. मामांनी तो क्रमांक मला पुन्हा लिहून घ्यायला लावला, माझ्या फोनमध्येही. तीन वर्षांचा होईपर्यंत लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे.

दिवस पाचवा, रविवार

घर. मामीने पहिलं काम केलं ते वरण-भाताचा कुकर लावण्याचं. मामा बाहेरच्या खोलीत बसून पुण्याला त्यांच्या रेसच्या मित्राला फोन करत होते. आवाज मोठा, कारण सात समुद्र पलीकडे बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं अशी त्यांची समजूत आहे.

"अरे, जन्मला ती खोली बघून आलो! दाराला हात लावून आलो! हो, हो... पळाला कसा काय सांगू... एकाला शंभर!"

"एकोणीस चाळीस!" स्वयंपाकघरातून मामी.

"लाइन खराब आहे," मामा फोनमध्ये म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.